झुल्मा पान उलटायची

"ही दाढ आहे," वेर्ले म्हणाली.

"दाढच आहे," कामीलने कबूल केलं. "माझी."

चर्चच्या कडेच्या छोट्या चॅपेलमध्ये, काचेच्या पेटीत, पोथी उघडी होती. तळहातावर मावेल एवढीच, पण जाडजूड. डाव्या पानावर निळ्या झग्यातली संत अपोलोनिया उभी होती. हातात लांब पकड, पकडीत दात, आणि चेहऱ्यावर असा शांतपणा की जणू तिने बागेतली नासपती तोडून आणली आहे.

"गेल्या सोमवारी काढली," कामील सुजलेल्या गालाला हात लावत म्हणाला. "झुल्मानं आदल्या संध्याकाळीच पान लावलं. वर मलाच म्हणते, जन्मभर डुकरांना घाबरवलंस, आता दंतवैद्याला कसला घाबरतोस!" तो गावचा खाटीक होता. दुकान मुलाच्या हाती दिल्यावर चर्चच्या समितीचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. "दाढ गेली, पण पान तसंच राहिलं. आज उलटते, उद्या उलटते, करता करता शुक्रवार उजाडला."

शुक्रवारी सकाळी झुल्मा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती. समोर कॉफीचा कप होता, तो अर्धा प्यायलेला होता.

"आई गेली आणि पोथीत तुमची दाढ," वेर्ले म्हणाली.

"मला काय कमी लाज वाटते, पोरी? कालपासून मी मागच्या दारानं येतो."

वेर्लेला हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. ते तोंडावरच विरलं. "किल्ली द्या. मृतांचं पान लावते."

कामीलने खिशात हात घातला, पण काढला नाही. "ते पान आता लावत नाहीत," तो म्हणाला.

स्खेल्डे नदीच्या काठावरच्या या गावात पोथी कुठून आली ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मागच्या गल्लीतल्या विटांच्या छोट्या घरांत पूर्वी एकट्या बायका राहत, प्रार्थना करत, लेस विणत. त्यांच्यापैकी शेवटची वारली तेव्हा तिच्या उशाखाली ती सापडली म्हणतात. दिवसाच्या प्रहराप्रहराला म्हणायच्या प्रार्थना, मधूनमधून चित्रं, शेवटी एकेका संताला एकेक पान. बाहेरचे लोक बघायला येत, दबक्या आवाजात किंमतीचे अंदाज करत आणि जात. गावाला किंमतीशी देणंघेणं नव्हतं. गावाला पान हवं असे. कुणी बाळंतपणाला टेकली की संत मार्गारेटचं, डोळ्यांचं काही असलं की लूसीचं. कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या मोरोक्कन बाईला तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिने स्वतःहून झुल्माला विचारलं होतं, "माझ्यासाठी लावाल का? आमच्यातही चालतं, मी नवऱ्याला विचारलंय." आणि गावात कुणी गेलं की दफन होईपर्यंत मृतांसाठीच्या प्रार्थनेचं पान. मग येणारा-जाणारा काचेपाशी थांबून टोपी काढी आणि विचारी, कोण गेलं?

हे पान लावायचं काम चाळीस वर्षं झुल्माकडे होतं.

"लावत नाहीत म्हणजे?" वेर्लेने विचारलं.

"पोथी दुरुस्त करणाऱ्या गेंटच्या बाईंनी बंद केलंय. उन्हाळ्यापासून. शिवण सुटलीय म्हणे तिथं." कामीलने नजर चुकवली. "तू तिला फोन कर. ती हो म्हणाली तर मी कोण नाही म्हणणार? पण ती हो म्हणाली, तरी..."

"तरी काय?"

"काही नाही. छापखान्यातनं फोन होता. दफनाला वाटायच्या आठवणीच्या कार्डावर काय छापायचं विचारत होते. नमुना म्हणून सूर्यास्त पाठवलाय. मी म्हटलं, झुल्मा सूर्यास्ताला कधी घराबाहेर नव्हती. त्या वेळी ती इथं असायची."

*

आईच्या घरात अजून साबणाचा वास होता. झुल्मा जन्मभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती, त्यातली शेवटची वीस वर्षं इस्त्रीवर. घरी येऊन ती पुन्हा हात धुवायची, त्या ऑलिव्हच्या तेलाच्या हिरवट चौकोनी वडीने, आणि मग हात नुसते हवेत धरून बसायची. लहानपणी वेर्लेला वाटे, आई कुणाला तरी शरण जाते आहे. "सुकू देत," आई म्हणायची. "टॉवेलचे धागे लागतात. मलम लावलं तर डाग पडतो. कोरडे हात पाहिजेत, पण खरखरीत नको. आता मी कुठून आणू गुळगुळीत?" मग बोटांची टोकं गालिच्याच्या काठावर एकदा घासून घ्यायची आणि निघायची.

वेर्ले बरोबर जायची. आई पेटी उघडायची, आणि पानांना बांधून ठेवणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या सोडायची. त्या पट्ट्या इस्पितळाच्या जुन्या चादरींच्या होत्या. इतक्यांदा धुतलेल्या की कापड लोण्यासारखं झालेलं. मग पानाच्या खाली अख्खा तळवा सरकवून पान उचलायची, झोपलेल्या मुलाचं डोकं उशीवर ठेवावं तसं. वासराच्या कातड्याचं पान. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर बोट फिरवलं तर बारीक रोमरंध्रं लागत. पानांच्या काठांवर फुलं, रानस्ट्रॉबेरी, सुरवंट. एका पानावर माशी बसलेली. वेर्लेने सहा वर्षांची असताना ती हाताने हाकलली होती. माशी उठली नाही, आणि आई पोट धरून हसली. "मीही पहिल्या दिवशी फडकं उगारलं होतं," ती म्हणाली. "बघ, मेल्यानं सावलीसुद्धा काढलीय."

पुढे वेर्ले मोठी झाली, अँटवर्पला गेली, एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासू लागली. आयुष्य पुस्तकांतच गेलं. एकदा तिने आईला विचारलं होतं, तुला यातलं एक अक्षर वाचता येत नाही, मग इतकं काय आहे त्यात? विचारताना आवाजात थोडा शहाणपणा आला असावा, कारण आईने भांडी घासता घासता मागे वळून पाहिलं होतं.

"लॅटिन मला कुठं येतंय? येतंय कुणाला? पण पान उघडं असलं की बघणारा दोन मिनिटं उभा राहतो. तुझ्या पुस्तकांसमोर कोण उभं राहतं?"

आणि मृतांचं पान. त्या पानावर चर्चमध्ये ठेवलेली शवपेटी होती, तिच्यावर निळं-काळं जड कापड, चारी बाजूंना मेणबत्त्या, आणि खाली बसलेले काळ्या टोप्यांतले शोक करणारे. टोप्या इतक्या पुढे ओढलेल्या की एकाचाही चेहरा दिसत नव्हता. चित्रकाराने कापडावर मधोमध घडीची रेघ दाखवली होती. झुल्मा दर वेळी चिडायची.

"पाचशे वर्षं झाली, पण कुणाला ही रेघ काढता आली नाही. घडी घालून कपाटात कोंबलेलं कापड तसंच उचलून आणलंय. मेलेल्या माणसावर असं कुणी टाकतं?"

*

आनेलोर दुसऱ्या दिवशी दुपारीच आली. ती गेंटमध्ये जुनी हस्तलिखितं दुरुस्त करत असे. पन्नाशीची, उंच, केस कानामागे ओढलेले. तिने आधी वेर्लेचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तुमची आई मला फोन करायची, ठाऊक आहे? दर महिन्याला. मी आवाज ओळखायची. 'बाई, आज हवा दमट आहे, पानं फुगलीत.' हवामान खात्याच्या आधी."

तिने पेटी उघडली, पट्ट्या सोडल्या आणि पोथी एका मऊ उशीवर ठेवली. अपोलोनिया गेली. आनेलोर शेवटच्या भागाकडे वळली. हाताची गती एकदम मंदावली.

"हे बघा. जवळ या, घाबरू नका."

त्या पानांच्या पोटात, जिथे ती पाठीला शिवलेली असतात तिथे, दोरा दिसतच नव्हता. होता तो तुटक. दोन पानं नुसती शेजाऱ्यांच्या आधाराने उभी होती.

"पोथी बाकी ठणठणीत आहे," आनेलोर म्हणाली. "फक्त इथंच झिजलीय. कारण इथंच ती सारखी उघडली गेली. तुमच्या आईनं, तिच्या आधीच्या नन्सनी, त्यांच्या आधीच्या बायकांनी. हा खालचा कोपरा पाहा."

पानाचा खालचा कोपरा तपकिरी, जवळजवळ काळा पडला होता. बाकी पानं पिवळसर पांढरी, आणि हा एकच कोपरा जुन्या दाराच्या कडीसारखा.

"हा मळ आहे?"

"बोटं आहेत. पहिल्यांदा कुणी तरी रात्री आपल्या माणसासाठी ही प्रार्थना म्हणत बसलं असेल, तेव्हापासूनची. आमच्यातले काहीजण हे स्वच्छ करतात. मी हात लावणार नाही." तिने मार्गारेटचं पान किंचित उचलून दाखवलं. संताचा चेहरा पुसट झाला होता, नाक-डोळे जवळजवळ गेलेले. "हे मुक्यांनी गेलंय. वेणा सुरू झाल्या की बायका चित्राला ओठ लावायच्या. सोन्याचा वर्ख जसाच्या तसा, आणि चेहरा गेला. लोक येतात ते सोनं बघायला. मी येते ती हे बघायला."

वेर्ले म्हणाली, "मला आईसाठी ते पान हवंय. फक्त दफनापर्यंत."

आनेलोरने पोथी मिटली. मिटल्यावर तिच्यावर हात ठेवला.

"करता येईल. मी अर्धवट उघडी राहील अशी उशी करून आणेन, शिवणीवर ताण येणार नाही. एकदाच. नंतर पोथी हिवाळाभर माझ्या टेबलावर येईल, नवा दोरा घालायला. समितीला मी कळवते." मग खालच्या आवाजात, "हेच तुमच्या आईनं ऑगस्टमध्ये मागितलं होतं."

"कुणासाठी?"

"नाव विसरले. बोटीवरच्या कुणाची तरी बायको. मी आदल्याच आठवड्यात हा दोरा पाहिला होता आणि सांगितलं होतं, हे पान आता नाही. तिनं फोन केला, म्हणाली, बाई, एकदा. मी नाही म्हटलं. माझं चुकलं नव्हतं, पान निखळलं असतं. पण उशी त्याही दिवशी करता आली असती. मला सुट्टीवर जायचं होतं." तिने बॅग बंद केली. "ती पुन्हा काही बोलली नाही. मी मनात म्हटलं, तिनं ऐकलं. मला बरंच वाटलं."

*

"मार्था," कामीलने सांगितलं. त्याला आता सांगावंच लागलं. "ओमेरची मार्था. म्हणून मी म्हणत होतो, ती हो म्हणाली तरी... तू समजून घे. त्याच्या बायकोला पान मिळालं नाही, आणि आता झुल्माला मिळणार. गाव काय म्हणेल ते सोड. ओमेर काय म्हणेल?"

"तो आईशी बोलत नव्हता?"

"तेव्हापासून एक शब्द नाही. ती वाफल घेऊन जायची, हा दार उघडायचा नाही. परत येताना मला देऊन जायची. मी खायचो. दाढ काय उगाच गेली?"

वेर्ले घरी आली, आईचा कोट आपल्या कोटाशेजारी टांगलेला पाहिला, आणि पुन्हा बाहेर पडली. पान तिला हवंच होतं. आईच्या शवपेटीजवळून लोक चॅपेलमध्ये जातील आणि दाढ बघतील, किंवा दुसरं काही बघतील, हे तिला सहन होणार नव्हतं. पण ते आईने दुसऱ्याला नाकारलं होतं. असं पान घेऊन ती आईला कसा निरोप देणार होती?

ओमेरचं घर नदीच्या बांधावर होतं. जन्मभर त्याने मालवाहू बोट चालवली होती, आणि बोट विकल्यावरही तो पाण्यापासून लांब जायला तयार नव्हता. तो मागच्या अंगणात कबुतरखान्यासमोर उभा होता. हातात दाण्यांचा डबा, डोक्यावर टोपी.

"झुल्माची ना तू," तो म्हणाला. मागे वळला नाही. "वाईट झालं."

"हो."

"मी येणार नाही. आधीच सांगतो. कामीलला निरोप दिलाय, पण तो खाटीक, त्याच्या डोक्यात काही राहत नाही."

"मी त्यासाठी नाही आले."

"मग?"

"तुम्हाला पान मिळालं नाही, त्यासाठी."

ओमेरने डब्यात हात घातला आणि मूठभर दाणे काढले, पण टाकले नाहीत. "तीन दिवस," तो म्हणाला. "मार्था आत शवपेटीत, आणि मी रोज जाऊन बघतोय. आज लावेल. उद्या लावेल. आणि काय उघडं होतं, माहितीय? गाढव! मरिया गाढवावर बसून इजिप्तला चाललीय. मार्था गेली आणि गाढव. लोक मला विचारतायत, ओमेर, हे कशासाठी रे? मी काय सांगू? सहलीला चाललो म्हणून?"

वेर्ले हसली नाही. तिला दाढ आठवली.

"शवपेटीवरचं कापड मात्र," ओमेर म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला, "ते मी पाहिलं. चर्चचं ते काळं कापड. तिच्याशिवाय कोण करणार ती इस्त्री? एक रेघ नाही, एक चुणी नाही, जणू काळं पाणी पसरलंय. मी तिथं बसून तेच बघत होतो आणि मनात म्हणत होतो, जिला एवढी इस्त्री करता येते तिला एक पान उचलता येत नाही?"

"येत नव्हतं."

तेव्हा वेर्लेने त्याला सगळं सांगितलं. तुटलेला दोरा, शेजाऱ्यांच्या आधाराने उभी दोन पानं, आनेलोरचं नाही म्हणणं, आईने केलेला फोन. ओमेर ऐकत राहिला. कबुतरं त्याच्या पायांपाशी येऊन रिकाम्या जमिनीवर चोच मारत होती.

"मग सांगायचं ना!" तो एकदम ओरडला. कबुतरं उडाली. "दोर तुटला म्हणून सांगायचं! चाळीस वर्षं बोटीवर काढली मी. दोर तुटतो म्हणजे काय, हे मला कळणार नाही? मी काय मूर्ख आहे?"

"तिला वाटलं असेल, तो तिच्या हातानं तुटला."

मुठीतले दाणे ओमेरने पुन्हा डब्यात टाकले.

"आनेलोर एकदा पान उघडून देणार आहे," वेर्ले म्हणाली. "उद्या दुपारी. आधी मार्थासाठी. परवा दफनाची मिस्सा सुरू झाली की आईसाठी. क्रम हाच. मी कामीलला तसं सांगणार आहे."

"मेहेरबानी नको मला."

"मेहेरबानी नाही. राहिलेलं काम आहे."

"तू अगदी तिच्यासारखी बोलतेस," ओमेर म्हणाला. त्याला ते आवडलं की नाही, हे त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं. "जा आता. कबुतरं बिचकलीत."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आनेलोरने करड्या कापडाची एक उशी आणली. वरून बघितलं तर साधीच, पण मधोमध एक खळगा होता, पोथीची पाठ जेमतेम बसेल एवढा.

"तुम्ही उचला," ती वेर्लेला म्हणाली. "मी खालून धरते. हात धुतलेत?"

वेर्लेने हिरव्या वडीने हात धुतले होते आणि स्वयंपाकघरात, आईच्या खुर्चीत, हवेत धरून सुकवले होते. तिने तळवा पानाखाली सरकवला. पान वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं, आणि गार नव्हतं. आनेलोरचा श्वास तिच्या कानाजवळ थांबला होता. पान उलटलं. शवपेटी, मेणबत्त्या, बिनचेहऱ्याच्या काळ्या टोप्या, आणि कापडावरची ती रेघ.

"माझ्याकडे पारदर्शक पट्ट्या आहेत," आनेलोर म्हणाली. मग वेर्लेच्या हातातल्या चादरीच्या पट्ट्या तिने घेतल्या, बोटांत चोळून पाहिल्या. "या जास्त मऊ आहेत. याच लावू."

संध्याकाळी वेर्लेने कामीलकडून चर्चचं काळं कापड घरी आणलं. आईची इस्त्री बाहेर काढली, मोठ्या टेबलावर घोंगडी पसरली. मखमल होती, जाड आणि जुनी. उलटी करून, मध्ये ओलं कापड घालून, दाब न देता फिरवावी लागते, हे ती लहानपणापासून बघत आली होती. बघणं वेगळं. तिने एक बाजू केली, दुसरी केली, उलटसुलट पाहिलं. घडीच्या तीन रेघा गेल्या. मधली जाईना. तिने वाफ दिली, वाट पाहिली, पुन्हा वाफ दिली. रेघ फिकी झाली, पण राहिली. मग खालच्या गल्लीतून कामीलची सायकल घंटी वाजवत आली आणि तिने कापड बाहेर दिलं.

"आई बघून म्हणाली असती," ती दारात म्हणाली.

"काय?"

"तुम्हालाही माहीत आहे काय."

"हो," कामील म्हणाला. "माहीत आहे."

*

मिस्सेच्या दिवशी वेर्ले सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये गेली. आईची शवपेटी वेदीसमोर ठेवली होती, वर ते कापड, चारी बाजूंना मेणबत्त्या. मागच्या सभागृहात बायका आतापासूनच पाव कापत होत्या. हॅमचा आणि कॉफीचा वास दाराच्या फटीतून आत येत होता.

चॅपेलच्या दिशेने कुणाच्या तरी जड पावलांचा आवाज झाला. ओमेर होता. अंगात काळा सूट, जो मार्थाच्या वेळचाच असावा, आणि बुटांना बांधावरची माती. काचेच्या पेटीपाशी तो थांबला. टोपी काढली. तसाच उभा राहिला, वाकून, जणू बारीक अक्षरं वाचतोय. दोन मिनिटं होऊन गेली, मग आणखी कितीतरी. वेर्ले खांबाआड उभी राहून त्याची पाठ बघत होती. एकदा त्याने काचेवर बोट टेकलं आणि लगेच काढून घेतलं.

मग तो वळला आणि तिला पाहून दचकला नाही.

"कालही आलो होतो," तो म्हणाला. "संध्याकाळी. कामीलनं सांगितलं नाही? खाटीक." त्याने टोपी हातात फिरवली. "मार्थाला माशी आवडायची. त्या दुसऱ्या पानावरची. दर वेळी हाकलायची नाटकं करायची. म्हातारी झाली तरी."

"आईनंही हाकलली होती."

"दोघी एकाच वर्गात होत्या. तुला माहीत नव्हतं?"

वेर्लेला माहीत नव्हतं.

ओमेर तिच्या शेजारून पुढे गेला, वेदीपर्यंत, शवपेटीपाशी. मेणबत्त्यांच्या उजेडात काळ्या मखमलीवर मधोमध ती रेघ दिसत होती, उभी, सरळ. त्याने मान तिरकी करून ती पाहिली, बोटीच्या दोराची गाठ तपासावी तशी.

"ही इस्त्री कुणी केली?"

"मी."

"दिसतंच आहे," ओमेर म्हणाला.

मग त्याने टोपी काखेत धरली, आपला रुंद तळवा त्या रेघेवर ठेवला, आणि जोर न लावता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू नेला. बाहेर लोक जमू लागले होते. दार उघडल्याचा आवाज आला. रेघ गेली नव्हती. त्याने हात पुन्हा वरच्या टोकाला नेला.